धुक्यातली हजेरी

प्रिय आदिती,

फोन केला असता तर तू ‘जाऊ दे हो काका’ म्हणाली असतीस, आणि मी खरंच जाऊ दिलं असतं. म्हणून लिहायला बसलोय. काल आपल्या ग्रुपमधल्या आदर्शला बघून आलो. गेल्या रविवारी मला शोधताना ओढ्यात पडून त्याचा घोटा मोडला, तो नीट सांधेल म्हणतात डॉक्टर, पण दिवाळीपर्यंत पाय टेकायचा नाही. पोरगं हसत होतं. म्हणालं, “काका, तुम्ही सुखरूप हाय न्हवं, मग झालं तर!” त्याच्या आईनं चहा ठेवला होता, तो न घेताच मी काहीतरी काम काढून बाहेर पडलो. त्या घरात मला बसवेना.

तुझी बातमी मला त्याच्याकडूनच कळली. मंगळवारच्या बैठकीनंतर ग्रुपनं ठरवलंय की यंदा पावनखिंडीची मोहीम तू न्यायची नाहीस, पुढंही वर्षभर कुठल्याच वाटेवर पुढारपण नाही. ज्या जबाबदारीसाठी तू इतके पावसाळे रांगेच्या शेपटाला चाललीस, दुसऱ्यांच्या सॅक वाहिल्यास, ती तुझ्या हातातून गेली. आणि त्यावर तू कुणाशी भांडलीसुद्धा नाहीस म्हणे.

तुझा पहिला ट्रेक आठवतो का? जयसिंगपूरहून पहाटेची एसटी पकडून आलेली, नवे कोरे बूट, डोक्याला दोन क्लिपा. टाचेला फोड आला होता आणि तू कुणाला बोलली नाहीस. जोतिबाच्या डोंगरावर पोचेपर्यंत मोजा रक्तानं भिजला होता. मी तुला सगळ्यांसमोर फाडफाड बोललो. डोंगरात येताना लाज घरी ठेवून यायची, म्हणालो. एकानं दुखणं लपवलं की सगळ्यांना निस्तरावं लागतं, म्हणालो. शाळेत पीटी शिकवलेला माणूस मी, आवाजाला काय कमी? तू रडलीस. मग मीच तुझा पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधली, आणि पुढच्या रविवारी तू परत आलीस. तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला तू ते माझं वाक्य जसंच्या तसं ऐकवतेस. ऐकताना मला किती गुदगुल्या व्हायच्या, आता कबूल करतो.

आणि हजेरी. ती पद्धतही माझीच. प्रत्येक थांब्यावर पुढच्यानं नावं घ्यायची, आणि ज्यानं त्यानं आपल्याच नावाला ‘हाय’ म्हणून ओ द्यायची. ओ आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढचा माणूस मागच्याला दिसत नाही, तिथं हाकेवरच भरवसा ठेवावा लागतो.

रविवारी मी हट्टानं शेपटाला राहिलो, ते तुला विचित्र वाटलं नाही. काकांचा अनुभव मोठा, मागं काका असले की काळजी नाही, असं तू नव्या पोरांना सांगितलंस. आदिती, मी मागं राहिलो कारण मागून कुणी बघत नाही. उजवा गुडघा उन्हाळ्यापासून धड नाही. उतरणीला तर तो नुसता ओरडतो. तुझ्या काकूलासुद्धा सांगितलं नव्हतं. तालमीत अंग कमावलेला माणूस, ‘गुडघा दुखतोय’ कोणत्या तोंडानं म्हणणार, असला सगळा फुकाचा तोरा.

पठार उतरून आपण त्या वाडीत जेवलो. तुम्ही शाळेच्या ओसरीवर होता आणि मी गोठ्यामागं जाऊन गुडघ्याला पट्टा आवळत होतो. तिथं दुधाची गाडी उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, “बसा की पावणं, खाली सडकंला सोडतो. पाय वडताय न्हवं.” मी कॅन सरकवून एक पाय आत टाकला, तेवढ्यात धुक्यातून तुझी हजेरीची हाक आली, “विजूकाका!” आणि मी ओरडलो, “हाय!”

एवढंच. ‘मी गाडीनं जातोय’ म्हणायला दम लागला नसता. पण म्हणालो असतो तर तू पळत आली असतीस, गुडघा बघितला असतास, सगळी पोरं गोळा झाली असती. त्यापेक्षा निसटू, संध्याकाळी काहीतरी सांगू, असं वाटलं. फोन बंद होता, तो मी बंदच ठेवला. तू निर्धास्त पुढं निघालीस, कारण तुला माझी ओ आली होती.

दुपारी मी घरी. ट्रेक लवकर आटपला म्हणून काकूला थाप मारली, गरम पाण्यानं शेक घेतला, झोपलो. दिवेलागणीनंतर ताटावर बसलो, काकूनं तांबडा-पांढरा रस्सा केला होता. पहिली भाकरी संपवून वाटी तोंडाला लावली आणि तिचा फोन वाजला. जयसिंगपूरहून तुझे वडील, तात्यासो, होते. त्यांचा आवाज मला ताटापर्यंत ऐकू येत होता. “वहिनी, धीर धरा. पोरं रानात हुडकत्यात, सर गावतील बघा.” काकू माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं फोन माझ्या हातात दिला. आणि तात्यासो माझा आवाज ऐकून रडले गं! रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या थांब्याला माझी ओ आली नाही म्हणून तेव्हा तुम्ही धुक्यात, गव्यांच्या वाटेवर, माझ्या नावानं हाका मारत परत वाडीकडं चढत होता. तुमच्या जैन रिवाजाप्रमाणं अंधार पडला की तू काही खात नाहीस हे मला माहीत आहे. डबा सॅकमध्ये तसाच राहिला, असं आदर्श म्हणाला. म्हणजे दुपारच्या चार घासांवर तू रान पालथं घातलंस, त्याला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आलीस, आणि इकडं मी दुसऱ्या भाकरीला हात घातला होता.

इतकं होऊनही मंगळवारच्या बैठकीत मला तोंड उघडता आलं असतं. सगळे तुला विचारत होते, माणूस कमी असताना पुढं निघालीसच कशी? तुझ्याकडं सरळ उत्तर होतं. काकांनी ओ दिली, मी ऐकली. मी खाली मान घालून तेच उत्तर यायची वाट बघत होतो. तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि म्हणालीस, “काका मला सांगून गेले होते. माझ्याच ध्यानात राहिलं नाही.” आणि मी, तुझा गुरू म्हणवणारा, गप्प बसलो. तू माझी लाज झाकलीस आणि मी झाकू दिली. गुडघा, गाडी, ती थाप, सगळं एका पारड्यात घातलं तरी हे जड आहे. त्या दिवसापासून आरशात बघून दाढी करायची लाज वाटते.

तर हे पत्र कशासाठी, ते ऐक. याचीच दुसरी प्रत करून मी खिशात ठेवली आहे. परवा रविवारी जोतिबाच्या पायऱ्या चढून सगळे वर बसले की मी ती मोठ्यांदा वाचणार आहे. आदर्शला मी आज संध्याकाळी घरी जाऊन सांगतो, त्याच्या आईसमोर. तात्यासोंनाही. तुला आधी धाडतोय, कारण तुझं खोटं मी उघडं पाडणार, ते तुला तिथं अचानक कळायला नको. मला अडवायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पावनखिंड तुझीच आहे, ती तुला परत मिळेपर्यंत मी ग्रुपला सोडणार नाही. तुझ्याकडं एकच मागतो. पायथ्याला हजेरी तू घे. माझं नाव आलं की जरा थांब. मी आधी ‘गुडघा दुखतोय’ म्हणेन, आणि मग ‘हाय’ म्हणेन.

तुझ्या माफीला अजून लायक नसलेला, पण तुझाच,
विजूकाका