फक्कीच्या रेघा

प्रिय ठकू,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. मधे फोनवर आपण दोनदा बोललो, पण पत्राचा विषय मी काढला नाही आणि तूही काढला नाहीस. उत्तराला एवढा उशीर का झाला ते ओघाने सांगतोच. आधी इथली खबर. टब अजून मागच्या अंगणात तसाच उभा आहे, फळ्यांच्या खोक्यात, वर ताडपत्री. दुकानवाल्या बाईंचा तिसरा फोन येऊन गेला. बिचाऱ्या फार सांभाळून बोलतात. सोमवारी सकाळी त्यांची माणसं येणार आहेत. टब बसवून घ्यायचा, की तो परत देऊन त्याच्या बदल्यात पोहायचा तलाव खणून घ्यायचा, एवढं मी तोवर ठरवायचं आहे. शेजारचा सुतार, ज्याने ताडपत्री बांधून दिली, तो रोज कुंपणावरून डोकावतो. काल म्हणाला, "काका, झाकून ठेवलं म्हणजे ठरवलं असं होत नाही." तोंडाचा फटकळ आहे, पण खोटं बोलला नाही.

सात वर्षं मी आणि तुझी आई ह्याच एका गोष्टीवर भांडलो आणि आता भांडायला मी एकटा उरलो. सुरुवात तुला आठवत असेल. तू पोरीला घेऊन सुट्टीला आली होतीस. सहा वर्षांची होती ती तेव्हा. झाडांना पाणी घालायच्या नळीखाली भिजता भिजता तिने फर्मान काढलं की आजोबांनी इथे तलाव करायचा, आणि आजोबा लगेच टेप घेऊन निघाले. जन्मभर मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःचं अंगण मोजायला मिळालं म्हणून मला कोण आनंद! अठरा फूट लांब, नऊ फूट रुंद, खोली तिच्या छातीइतकी. फक्कीने चौकोन आखला. पोरगी त्यात हात मारत कोरडीच पोहली, गुडघे फोडून घेतले. संध्याकाळी तुझ्या आईने माझ्याच डब्यातली मूठभर फक्की घेतली आणि कोपऱ्यात एक गोल काढला, वाकडातिकडा, नुसत्या हाताने. म्हणाली, मला गरम पाण्याचा टब हवा, माझ्या बोटांना बरं वाटेल. मी त्या गोलाला घंगाळ म्हणायला लागलो आणि ती माझ्या चौकोनाला डबकं.

पुढे ते आमचं रोजचंच झालं. फक्की पुसली गेली की मी पुन्हा आखायचो, दोन्ही आखायचो हं, त्यात लबाडी केली नाही. संध्याकाळी दोन खुर्च्या नेऊन आम्ही चहा घ्यायचो, एक दिवस तलावात, एक दिवस टबात. टबाच्या दिवशी गुडघ्याला गुडघे लागायचे. ती चप्पल काढून पाय गोलात ठेवायची आणि म्हणायची, "पाणी गार झालं हो, जरा वाढवा की." मग मी हवेतच एक नळ फिरवायचो. समोरच्या गच्चीवरून कोणी बघितलं असेल तर म्हातारा-म्हातारीला वेड लागलं असं म्हणाले असतील. फोनवर तू विचारायचीस, ठरलं का? आणि आम्ही दोघं एकदम म्हणायचो, चाललंय. खरं तर इतकं सुख मला नोकरीत नाही मिळालं आणि निवृत्तीत दुसऱ्या कशातही नाही.

तिची बोटं बिघडली त्याची पहिली खूण मी पाहिली होती, ठकू. पाहिली आणि तिची थट्टा केली. कपडे दुरुस्तीच्या दुकानात तीस वर्षं काजं केलेली बाई ती, तिचं अक्षरही टीप मारल्यासारखं सरळ. एक दिवस फ्रिजवर लावलेली यादी बघितली. साबण, दूध, बल्ब, आणि एकाही शब्दाच्या डोक्यावर रेघ नाही. मी म्हटलं, काय गं, वाऱ्याने छपरं उडाली वाटतं अक्षरांची? ती म्हणाली, घाईत लिहिलं. मला ते पटलं. अंगठा मिटत नाही म्हणून ती पेन दोन बोटांच्या बेचक्यात धरायला लागली होती, हे कितीतरी उशिरा माझ्या लक्षात आलं. झोपेत अवघडली असतील, गार पाण्याने आखडली असतील, असं म्हणत तिने तीन वर्षं काढली आणि मी ती काढू दिली. डॉक्टरकडे गेलो तोवर तो आमवात मनगटांत, खांद्यांत, गुडघ्यांत शिरला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, इतके दिवस कुठे होतात?

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. म्हणाले, औषधं चालू राहतील, पण गरम पाण्यात बसल्या तर आराम पडेल, तेवढाच. मला त्यातलं 'तेवढाच' तेवढं ऐकू आलं. पुढच्याच आठवड्यात तुझ्या आईने बोलावलेली दुकानाची माणसं टबाची जागा बघायला यायची होती. आदल्या दिवशी मी अंगणाचा नकाशा काढला आणि सांडपाण्याचा पाईप मुद्दाम चार फूट सरकवून दाखवला, बरोबर तिच्या गोलाखालून. त्या माणसांनी मान हलवली, म्हणाले आधी पाईप हलवा, मग बघू. माझ्या नकाशावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, तुझी आई कशी ठेवणार? मग वर्ष-दीड वर्ष मी पाईपाचं काम आज करू, उद्या करू म्हणून ढकललं. कंजूषपणा नव्हता गं त्यात. मला भीती वाटत होती. तलाव म्हणजे पुढचे उन्हाळे. टब म्हणजे आजारी माणसाची सोय. जोवर आमचं ठरत नव्हतं तोवर ती मला आजारी वाटत नव्हती. माझ्या भित्रेपणाची झळ मात्र तिच्या सांध्यांनी सोसली.

तोच आमवात पुढे फुप्फुसात उतरला आणि तिला जिना चढवेना, तेव्हा मी दुकानात गेलो, खरं माप दिलं आणि टब मागवला. त्या दिवशी घरी येऊन सांगितलं, तर उशीला टेकून ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "सरकला का एकदाचा तुमचा पाईप?" तिला केव्हापासून ठाऊक होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. टब आला तो ती गेल्यावर पंधराव्या दिवशी. तुम्ही सगळे आदल्याच दिवशी परत गेला होतात. माणसांनी विचारलं, कुठे ठेवू? मी गोल दाखवला. शेवटचा गोल मीच आखला होता, पण तिच्यासारखा वाकडा काढला होता. आता तो खोक्याखाली आहे.

तर सोमवारचं. टब इथे बसणार नाही आणि तलावही होणार नाही. तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की मजकूर पाठ झाला, पण मी मजकूर वाचतच नव्हतो. लहानपणी तू आधी पट्टीने रेघ ओढायचीस आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचीस, कपडे वाळत घातल्यासारखं. ती सवय तुझी मोठेपणीही सुटली नाही, जावईबापू हसले तरी. ह्या पत्रात चार पानांत एकही रेघ नाही, ठकू. शेवटी तू लिहिलंयस, घाईत लिहिते आहे. फोनवर विचारलं असतं तर 'काही नाही हो बाबा' म्हणून तू मला उडवून लावलं असतंस, म्हणून लिहितो आहे. ह्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. आईचं सगळं सांग, तिचे कागद सोबत पाठवतो आहे. कदाचित काही नसेलही. नसलं तर पोरीला डुंबू दे, तेरा वर्षांची झाली तरी आजोबांनी तिला पाण्याचा शब्द दिलेला आहे. दुकानवाल्या बाईंना मी तुझा पत्ता दिला. टब सोमवारी इथून निघेल. जागेची काळजी करू नकोस. मागच्या खेपेला तू कपडे वाळत घालत होतीस तेव्हा सवयीने तुझं अंगण पावलांनी मोजून ठेवलं होतं. कोपऱ्यात नीट बसतो, खाली पाईप नाही. ह्या वेळी माप खरं दिलंय. उत्तर लिहीत बसू नकोस, हाताला त्रास होईल. फोन कर.

तुझाच,
बाबा