चिरंजीव टेकडीवर येऊन गेले

४ मे, सोमवार

पाणी ६.१० ला आलं, ६.१९ ला गेलं. नऊ मिनिटं. दोन हंडे, एक कळशी, अर्धी बादली. टेकडीच्या खालच्या टप्प्याला पस्तीस मिनिटं मिळतं, शिवाय पाणी ओढायला त्यांच्या मोटरी. शेजारच्या नाईककाकूंचा एकच हंडा भरला, गुडघ्यामुळे त्यांना उठून नळापर्यंत यायलाच वेळ लागतो. माझी कळशी त्यांना ओतली.

लॅबला उशीर. रक्त द्यायला उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर ताटकळत, आणि रिसेप्शनवरची बाई, म्हणजे मी, गायब. एक आजोबा माझ्यावर ओरडले. बरोबर होतं त्यांचं.

संध्याकाळी संदीप आला. खालच्या पक्ष कार्यालयातला, आमच्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. "ताई, रविवारी साहेबांचे चिरंजीव पदयात्रेला येतायत. वरच्या टप्प्यापर्यंत चढणार. चहा तुमच्याकडे ठेवलाय." ठेवलाय म्हणे. मला विचारलं कोणी? पण खोटं कशाला लिहू, आनंद झाला. टेकडीच्या माथ्यावरच्या टाकीतून आम्हाला वेगळी लाइन द्या, हा अर्ज तीन वर्षं पडून आहे. त्या मंत्र्यांच्या घरातून एक फोन गेला तर महिन्यात लाइन पडेल.

साहेबांचे चिरंजीव. यापुढे नुसतं चि. लिहीन, हात दुखतो.

६ मे, बुधवार

विहारात बायकांची मीटिंग. निवेदन मी लिहायचं आणि मीच वाचायचं असं ठरलं. "तुझं शुद्ध आहे गं." शुद्ध काय, लॅबमध्ये दिवसभर लोकांना समजावून समजावून जीभ वळली आहे.

जेवताना प्र. शी भांडण. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, मुलुंडपासून पवईपर्यंतचे सगळे टॉवर त्याला पाठ. म्हणाला, "ज्याच्या बिल्डिंगमधली लिफ्ट दहा मिनिटं बंद पडली तर चार जणांचे फोन येतात, त्याला तू एकशे बेचाळीस पायऱ्यांचं दुःख सांगणार? आजोबा मंत्री, बाप मंत्री. त्याने जन्मात बादली उचललेली नाही."

म्हटलं, डॉक्टरला स्वतःला कावीळ झालेली असावी लागते का कावीळ बरी करायला?

"डॉक्टर निदान तपासतो तरी."

मी भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं. झालं होतं.

८ मे, शुक्रवार

आज पालिकेची माणसं येऊन खालच्या चाळीस पायऱ्यांना चुना लावून गेली. गटार उपसलं. सहा वर्षं सांगतोय आम्ही. चि. चे बूट यायचे म्हणताच गटार उपसलं! डोकं फिरलं माझं. पण कामवाल्यांवर कशाला ओरडू, त्यांना चहा दिला.

संदीप वर आला. "ताई, ते निळे ड्रम आत घ्या ना सगळ्यांना सांगून. गल्ली मोकळी दिसली पाहिजे. कॅमेरा असणार." मी म्हटलं, ड्रम तर दाखवायचेत ना रे? तेवढ्यात नाईककाकू दारातून म्हणाल्या, "माणूस घराक येतलो तर घर बरा दिसाक नको? पावण्याक काय आपली मोरी दाखवतलंस?"

सगळ्या हसल्या, आणि सगळ्यांना पटलं. मला पण पटलं. हे नीट लिहून ठेवते. मला पण पटलं.

९ मे, शनिवार

लॅबमध्ये साखरेची तपासणी करायला एक मावशी. सारखं विचारत होत्या, रिपोर्ट चांगला येईल ना? चार दिवस गोड सोडलंय, भात सोडलाय, रोज चालायला जातेय. मी विचारलं, एरवी? "एरवी कुठे जमतंय बाई." मी झापलं त्यांना. रिपोर्ट कोणासाठी काढताय मावशी, डॉक्टरला खूश करायला? जसं रोज खाता तसं खाऊन या. बिचाऱ्या ओशाळल्या.

घरी आल्यावर ड्रम आत ओढले. एक मावेना, तो पलंगाशेजारी ठेवून त्यावर लग्नातली चादर घातली आणि वर फुलदाणी. छान दिसत होतं. हंडे-कळशा पलंगाखाली. खालच्या टप्प्यातून सहा चांगले कप आणले.

१० मे, रविवार

डोक्यात राग आहे, अक्षर बघ.

क्रमाने लिहिते. चि. अकराला येणार होते, पावणेबाराला आले. आम्ही सगळ्या बायका औक्षणाची ताटं घेऊन खाली, चुना लावलेल्या पायऱ्यांपाशी. वर फक्त नाईककाकू, आणि त्या झोपलेल्या. चि. पस्तिशीचे असतील. पांढरा शर्ट, गोड चेहरा. वाकून नमस्कार केला सगळ्यांना. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, रागावायला सोपं गेलं असतं.

चढायला लागलो. पन्नासएक पायऱ्यांवर वरून पाणी. आधी एक ओघळ, मग धारच. पायऱ्यांवरून चि. च्या पांढऱ्या बुटांवर. मला कळेना. आणि मग एकदम कळलं.

आमच्याकडे नळ बंद करत नाहीत. पाणी गेलं की नळ तसाच उघडा ठेवायचा आणि खाली रिकामा हंडा. पाणी आलं की हंडा वाजतो, तो आमचा अलार्म. वरच्या टप्प्यातल्या बावीसही घरांत हीच रीत. आज हंडे पलंगाखाली. नळ मात्र सवयीने उघडे. आणि पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या चावीवाल्याने, जो आयुष्यात रविवारी दुपारी चावी फिरवत नाही त्याने, आज फिरवली. फुल प्रेशर. असं पाणी मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. बावीस नळ मोकळे वाहतायत, बावीस दारांतून पाणी गटारात, आणि आमच्या हातात आरत्या.

मी पळत सुटले नळ बंद करायला. धाप लागली. चि. मागून वर आले, माझ्या दारात उभे राहिले, आणि म्हणाले,

"ताई, पाणी तर आहे की. फक्त थोडं प्लॅनिंग पाहिजे. नळ असा ओपन नाही ठेवायचा ना. आमच्याकडे आजी अजून ब्रश करताना नळ बंद करायला सांगते."

आजी सांगते! मंत्र्याची बायको, सांगणारच ना.

माझ्या हातात निवेदन. दोन पानं, तीन वेळा पुसून लिहिलेलं. सोबतच्या पोराच्या हातात बाटलीतल्या पाण्याचं खोकं होतं. चि. नी त्यातली एक उघडली, दोन घोट प्यायले, फुलदाणीशेजारी ठेवली. चादरीखाली काय आहे हे विचारलं नाही. का विचारतील? मी इतकी छान घातली होती.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चहा घ्या ना सर."

चहा घेतला. छान झालाय म्हणाले. निवेदन वाचायला वेळ नाही, ठेवून द्या म्हणाले, पी.ए.ने ते फाइलीत घातलं. सात मिनिटांत खाली.

आल्या-गेल्याचा आवाज ऐकून काकू उठल्या. त्यांना सांगितलं काय झालं ते. "नळ बंद करूक सांगल्यान? बंद केलंव तर पाणी इल्ला ता कळतला कसा?" मी रडले. रागाने रडले.

११ मे, सोमवार

नळाला फक्त हवा. आजचं पाणी काल वाहून गेलं. टाकी परत भरायला दिवस लागतो.

काकूंसाठी खालून दोन कॅन आणले. एकशे बेचाळीस पायऱ्या, दोनदा. लॅबला सुट्टी टाकली.

संदीपला गाठलं कार्यालयात. सगळ्यांसमोर विचारलं, चावी कोणी फिरवायला लावली? "ताई, चांगल्यासाठीच केलं ना. चिरंजीव वर येणार आणि नळ कोरडे, कसं दिसलं असतं? आपल्याच भागाची इज्जत जाते." म्हटलं, इज्जत तुझी की टेकडीची? मग हळूच म्हणाला, "ड्रम तुम्ही पण झाकलेच ना."

थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याच्या, की माझ्या, ठरेना.

१२ मे, मंगळवार

चि. चा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर. पायऱ्यांवरून वाहणारं पाणी, मग माझा उघडा नळ, मग मी धापा टाकत. खाली लिहिलंय, प्रश्न टंचाईचा नाही, सवयीचा आहे. लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी पण पाहिला. "अगं, तूच ना ही?" हो, मीच ती. घाटकोपरचं पाणी वाया घालवणारी बाई.

१४ मे, गुरुवार

शनिवारच्या मावशी रिपोर्ट न्यायला आल्या. सगळं नॉर्मल. खूश. म्हणाल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं? झापायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडाने झापू?

घरी प्र. "सांगितलं होतं ना, चांदीच्या चमच्यावाल्यांना नाही कळत."

मग मी पण सोडलं नाही. मागचा नगरसेवक कुठला होता रे? याच टेकडीचा. याच नळावर रांगेत मारामारी करून मोठा झालेला. निवडून आल्यावर तीन वर्षांत मुलुंडला टॉवरमध्ये गेला, आता आपल्याकडे आला तर नाकाला रुमाल लावतो. त्याला तर सगळं माहीत होतं. मग त्याने का नाही टाकली लाइन?

प्र. म्हणाला, "मग काय, श्रीमंताला कळत नाही म्हणून त्याला माफ करायचं?"

माफ नाही. पण चि. ला मी काय दाखवलं? चुना, चादर, फुलदाणी आणि फुल प्रेशर. त्यातून त्याला काय कळायचं होतं? राग कमी झालेला नाही, उलट दुप्पट झाला आहे. अर्धा त्या मोठ्या लोकांकडे जातो, अर्धा माझ्याकडे.

१६ मे, शनिवार

चि. च्या ऑफिसमधून फोन. पाणी वाचवा मोहीम काढतायत, तिचा चेहरा मी व्हायचं. चेहरा! माझा व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला म्हणून. "मॅडम, सुधारलेली गृहिणी असा अँगल आहे."

इतकी ओरडले की नाईककाकू गुडघा विसरून काठी घेऊन धावत आल्या, कोण घरात शिरलं की काय म्हणून.

म्हटलं, सरांना फोन द्या. नाही मिळणार. म्हटलं मग निरोप द्या, शब्द न् शब्द. नळ उघडा का ठेवतो ते बघायचं असेल तर सकाळी पावणेसहाला या. कुणाला न सांगता. संदीपला नाही, पालिकेला नाही, कॅमेरा नाही. हंडा आमचा देऊ, उचलायचा तुम्ही. काकूंचा आणि माझा, दोन्ही.

पोरगी घाबरून "ओके मॅम" म्हणाली. सांगितलं असेल की नाही, देव जाणे.

१८ मे, सोमवार

संध्याकाळी सव्वासातला अनोळखी नंबर. आवाज ओळखला.

"ताई, तुम्ही माझ्यावर खूप चिडलायत असं ऐकलं."

हो म्हटलं. आणि या वेळी गिळलं नाही, सगळं सांगितलं. नऊ मिनिटं, हंडे पलंगाखाली का होते, चावीवाला, चादर. आम्ही पण तुम्हाला फसवलं, हे पण सांगितलं. मधे एकदा त्यांनी "पण" म्हटलं, मी "पण नाही" म्हटलं. साहेबांच्या मुलाला! शेवटी त्यांनी एवढंच विचारलं,

"बुधवारी येऊ?"

या म्हटलं. चहा मिळणार नाही.

प्र. ला सांगितलं नाही. सांगितलं तर हसेल, आणि ते आले नाहीत तर आयुष्यभर हसेल. फक्त काकूंना. म्हणाल्या, "येवचो नाय तो. पण माका उठव."

२० मे, बुधवार

५.३५. ड्रम बाहेर, सगळे. चादर धुवायला टाकली होती ती तशीच पडली आहे, पाणी कुठे आहे? गटार परत तुंबलंय, वास येतोय. येऊ दे. काल एका ड्रमवर झाकण ठेवायला हात गेला होता, मागे घेतला.

काकू दारात खुर्ची टाकून बसल्या आहेत, केस विंचरून. म्हणाल्या, "इलो तर पिवक पाणी तरी देतलंस मां?" म्हटलं, आधी भरू दे त्याला.

५.५०. कोणी नाही.

६.०२. खालच्या टप्प्याच्या मोटरी सुरू झाल्या. म्हणजे पाणी निघालं. पायऱ्यांवर कोणीतरी चढतंय, थांबतंय, परत चढतंय. दूधवाला असा थांबत नाही. पण दूधवाल्याचा पाय दुखत असेल तर?

६.०९. नळ फुसफुसतोय. मोकळे हंडे तीन. एक माझा, एक काकूंचा, तिसरा मी चि. साठी मधोमध ठेवलाय.

हंडा वाजला. उठते.