अकरा महिन्यांचा पहिलवान

मामंजी,

तेत्सूला समुद्रावर फिरवून आणलंत की कालवडींच्या गोठ्यात मुळीच सोडू नका. बाहेर वडाला बांधा.

मोमो कालवड खोकते म्हणून डॉक्टर साकाए सकाळी आले होते. जाता जाता त्यांनी हात घालून तपासलं, तर तिन्ही कालवडी गाभण! माझा विश्वासच बसेना. पुन्हा तपासायला लावलं. दोन महिने झालेत म्हणे. मोमो अजून वर्षाचीही नाही हो!

“वळू कुणाचा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “वळू कुठला आमच्याकडे? सासऱ्यांचं एक पोर आहे, अजून बाटलीनं दूध पितं.” हसता हसता ते खालीच बसले.

मार्चमध्ये ते तेत्सूला खच्ची करायला आले, तेव्हा तुम्ही त्यांना उसाची दारू पाजून परत पाठवलंत. झुंजीचा बैल करायचाय म्हणालात. एकटा हंबरतो म्हणून कालवडींत ठेवलात. मीही अडवलं नाही.

गर्भ पाडायचं एकच इंजेक्शन त्यांच्याजवळ होतं, ते मोमोला दिलं. बाकीची दोन आणायला बंदरावर जाते आहे. तुम्हाला विचारायला थांबले नाही. पारसाली सुमी कालवड अशीच कोवळी असताना विताना अडली आणि गेली. वासराच्या पायांना बांधलेला दोर मी ओढत होते आणि तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात.

डॉक्टर चार वाजता तेत्सूसाठी परत येतील. दारूची बाटली शोधू नका, मी बरोबर नेली आहे.

साएको