पानमळ्यावरची तार

आगाशी, ११ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतिका हिला काकाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. माझे कान सभांमध्येच संपले. म्हणून हे पत्र, आणि उत्तरही पत्रानेच हवं.

तुमच्या कच्छातल्या सौर पार्कची वीज मुंबईकडे न्यायला नवी तार येतेय. ती तुझ्या आईच्या पानमळ्यावरून जाते आणि टॉवर मळ्याच्या टोकाशी बसतो. गेल्या आठवड्यात मोजणीवाले आले. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. कुंपणाशीच बूट काढले. तुझी आई तिथेच विरघळली. चहा दिला, ओळीओळीतून हिंडवलं, तुझ्या बाबांनी लावलेली वेलही दाखवली. मी कुरकुरलो, तर म्हणाली की भावोजी, माणसं रीतीची आहेत.

शेजारच्या वाडीतला फेबियन हसत म्हणाला, आत्मारामभाऊ, जन्मभर सूर्याची आरती केलीत, आता प्रसाद घ्या. त्याचं बरोबर आहे. कोळशाच्या धुराविरुद्ध मी गावोगाव घसा फोडला, सूर्याची वीज आणा म्हणालो, आजही म्हणतो. पण उजेड एकाच्या घरात आणि खड्डा दुसऱ्याच्या वाडीत, असं मी कधी मागितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. तार जमिनीखालून नेता येते का, खरं सांग. गोड बोलू नकोस.

आहेस तशी आमची राहा.
तुझा आत्मारामकाका

भुज, २३ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना शि. सा. न. तुम्ही पायाला हात लावू देत नाही, म्हणून कागदावरच वाकते.

गोड बोलत नाही. तार जमिनीखालून नेता येते, पण एवढ्या दाबाची तार इतक्या लांब तशी न्यायचा खर्च कुणी करणार नाही. नायगावच्या खाडीकडून वळवली तर तिवरं जातात, आणि तिवरांसाठी तुम्हीच उपोषणाला बसाल. साठवायला बॅटऱ्या आणा म्हणाल, तर त्यांची खाण कुणाच्या तरी गावातच खणलेली असते. इथल्या पॅनेलांखाली मेंढपाळांचं चराऊ रान गेलं. तारेवर आदळून मेलेला एक मोठा पक्षी मी स्वतःच्या हातांनी उचलला आहे. तरी रोज कामावर जाते, कारण कोळसा याहून वाईट हे मी तुमच्याच भाषणांत शिकले. भर उन्हात आम्हाला पॅनेल बंद ठेवावी लागतात, का, तर वीज न्यायला तार नाही.

एक बरी बातमी आहे. मी नियम पाहिला. तारेखाली उंच झाडं चालत नाहीत, बुटकी पिकं चालतात. माड आणि पोफळी जातील, पण वेलींना कुणी हात लावणार नाही. आईला सांगा, मळा राहील.

रागावलात तरी लोभात अंतर पडू देऊ नका.
तुमची ऋतिका

आगाशी, १९ डिसेंबर २०२४

चि. ऋतिका, आशीर्वाद आहेतच. वि. वि.

सुनावणी झाली. मी उभा राहिलो तेव्हा पहिल्या टाळ्या कोळशाच्या ठेकेदारांनी वाजवल्या. ज्यांना मी जन्मभर शिव्या दिल्या ते माझ्या बाजूला!

तरी बोललो. मग बोळिंजच्या एका सोसायटीतल्या मनोरमाबाई उठल्या. त्यांचा नवरा घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे. उन्हाळ्यात वीज गेली की त्या सिलिंडर लावून हातपंख्याने वारा घालत बसतात. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, तुमचं सगळं खरं. माझ्या घरातली वीज मी कुठून आणू, ते सांगा." चाळीस वर्षं बोललो मी, ऋतिका. मी खाली बसलो.

नंतर मोजणीला आलेल्याच अधिकाऱ्याने वाचून दाखवलं की मालकिणीने स्वतः मळा दाखवला, हरकत घेतली नाही. तुझी आई उठून म्हणाली, "तुम्ही बूट काढलेत. मला वाटलं, तुम्हाला कळतं." लोक हसले. अधिकारी नाही हसला, खाली मान घालून बसला.

आणि तू लिहितेस, वेली राहतील. पानमळ्यात जन्मलेल्या पोरी, तुझ्या आजोबांनी माड-पोफळी शोभेला लावल्या होत्या का? उघड्या उन्हात पानवेल किती टिकते? तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती वेलींना पाणी द्यायला निघून गेली.

जपून राहा.
काका

भुज, ४ जानेवारी २०२५

ती. काका, सा. न.

तुमचं पत्र मिळालं. मी नियम वाचला, मळा विसरले.

इथल्या साहेबांच्या मागे लागले. ते म्हणतात, तार थोडी सरकवता येईल, वरपर्यंत ओळख आहे. पण सरकली की ती फेबियनकाकांच्या वाडीवर येते. त्यांना अजून काही माहीत नाही. आईला विचारा आणि लगेच कळवा. ती हो म्हणाली तर मी करीन, आणि जन्मभर त्यांच्या घरचा नाताळचा केक खाणार नाही.

माया असू द्या, मी कशीही वागले तरी.
ऋतिका

आगाशी, १३ जानेवारी २०२५

चि. ऋतिका, आशीर्वाद.

तुझ्या आईला विचारलं. ती वेली बांधत होती. मान वर न करता नाही म्हणाली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, फेबियनचे माडही आजोबांनीच लावलेत, त्याच्या आजोबांनी. एवढंच.

हा विषय संपला. त्याला कधी कळू देऊ नकोस.
काका

आगाशी, ३ मे २०२५

चि. ऋतिका हिला आशीर्वाद. वि. वि.

तू विचारत राहतेस आणि तुझी आई फोनवर सगळं ठीक म्हणते, म्हणून मी लिहितो. फेब्रुवारीत माड पाडले. आम्ही सावलीसाठी हिरवी जाळी बांधली, फेबियन बांबू घेऊन स्वतः आला होता. जाळी वाऱ्याने दोनदा फाटली. आधी पानं पिवळी पडली, मग कडा जळाल्या. एप्रिलमध्ये वेली खांबावरून सुटल्या. एकीलाही कुणी हात लावला नाही, तुमचा नियम अगदी पाळला गेला.

टॉवर उभा आहे. तार नाही. पुढच्या एका गावाने कोर्टात अडवली आहे. मनोरमाबाईंकडे परवा दुपारभर वीज नव्हती. कोर्टात गेलेल्या त्या गावचे लोक माझ्याकडे आले, सभेत बोला म्हणाले. ते जिंकले तर आपला मळा फुकट गेला. हरले तर त्यांचा जाईल. मी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. वीज वाईट नाही, सूर्य तर नाहीच. पण कुणाच्या अंगणातून जाईल हे ठरवणारे कधी त्या अंगणात राहत नाहीत. हे वाक्य मला आत्ता सुचलं, आणि ते म्हणायला सभा उरली नाही.

अक्षय्य तृतीयेला देवापुढे विडा ठेवायचा होता. तुझ्या आईबरोबर मी बाजारात गेलो. पानवालीपुढे ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. पानांचा भाव विचारायचा कसा, हे तिला माहीत नव्हतं. ती आजवर आपल्या पानांचा भाव सांगतच आली होती.

मी विचारला.

तुझा काका