पाळणाघराच्या खुणा

४ जून
पोचलो एकदाचे! नवं गाव, नवी नोकरी, आणि मी नि चिमी, दोघीच. दादा फोनवर म्हणाला, तू स्वतःच्या स्वयंपाकघरात हरवणारी, तिथे काय दिवे लावणार? मेला! मी खुणा पाठच करून टाकल्या: प्रयोगशाळेतून निघालं की पाण्याची पिवळी टाकी, मग शिंप्याचं दुकान, मग वाकडा खांब, आणि खांबासमोरचं निळं दार म्हणजे चिमीचं पाळणाघर. तिथल्या मावशी प्रेमळ आहेत. चिमीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, लबाड!

६ जून
काम गमतीचं आहे. आवारातल्या वाळूत एका गांधीलमाशीचं बीळ आहे, आत तिचं पिल्लू. बिळाभोवती दगडांचं कडं. माशी भक्ष्य आणायला उडाली की मी ते कडं हातभर सरकवायचं. ती परतते ती थेट कड्याच्या मध्यात, आणि कोरी वाळू उकरत बसते. बीळ शेजारी उघडंच असतं! सर म्हणाले, ती बीळ शोधतच नाही, दगड शोधते. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

११ जून
शिंप्याचं दुकान आज टाकीच्या अलीकडेच लागलं. कधी हलवलंत म्हणून विचारलं, तर म्हणाला, वडिलांपासून इथेच आहे. उशीर झाला, चिमी रुसली. दादाला सांगायची सोय नाही.

१३ जून, संध्याकाळ
टाकी, दुकान, खांब, सगळं ओळीने मिळालं. समोर निळं दार नाही. नुसती भिंत. परत टाकीपासून चालले. पुन्हा भिंत. मागे पाहिलं तर टाकी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. जुन्या जागी तिच्या पायांचे ताजे खड्डे.
मावशींचा फोन आला. म्हणाल्या, अहो, मी दारातच उभीये चिमीला घेऊन, तुम्ही समोरून दोनदा गेलात, हाका मारल्या तरी थांबला नाहीत.


त्यानंतर
फोन बंद पडलाय. कुठेही वळलं तरी टाकी, दुकान, खांब. भिंत चाचपून हात सोलले. माणूस दिसत नाही एकही. घाबरलेय मी, फार घाबरलेय —

अजून थोड्या वेळाने
चिमी रडतेय. आई, आई करतेय. आवाज तिचाच, अगदी जवळ. आता एकही खूण बघायची नाही, डोळे मिटून फक्त आवाजामागे जायचं. थांबून थांबून दिशा लिहितेय, नाहीतर डोकं फिरेल.
डावीकडे. आले गं, सोन्या, आले —
नाही, उजवीकडे. आत्ता तर —
मागे. लांब. इतक्यात लांब कशी जाईल ती —
तिचा आवाजसुद्धा कुणीतरी सरकव