दुपारची मोजणी

३ मे
आलो एकदाचा! नगांवहून निघताना आईनं दिलेला तांदळाच्या गोड पिठ्यांचा डबा वाटेतच फस्त केला. नोकरी मजेची आहे: चहाच्या मळ्यातली कीड मोजायची. खिडकीतून सात नंबरचा पट्टा दिसतो, हिरवागार. तिथल्या खुडणाऱ्या बायकांची सरदारनी सुगी ओरांव मिठाचा चहा घेऊन आली आणि कामही तिनंच समजावलं. मोजायचा तो किडा, चहाचा डास, लांबट असतो, पाठीवर टाचणी रोवल्यासारखा काटा. उजाडताना आणि मावळताना कोवळ्या शेंड्यांवर बसून रस पितो, ऊन चढलं की झुडपाच्या पोटात दडतो. ‘‘लाजरा किडा आहे बाबू,’’ सुगी म्हणाली, ‘‘पहाटे उठाल तरच भेटेल.’’

११ मे
पाचला उठणं आपल्याला जमत नाही, खरं सांगतो. आठवडाभर दुपारी जेवूनच फेरी मारतोय. एकही किडा नाही. वहीत मात्र ‘सकाळी सहा, शून्य’ असं लिहितो. सुगीनं दोनदा हटकलं, शेंड्यांवर तपकिरी ठिपके पडलेत म्हणाली. बघतो म्हटलं. बघितलं नाही.

२४ मे
सात नंबर गेला. शेंडे काळे पडून वाकलेत, खुडायला पान नाही. मोठ्या साहेबांनी वही मागवली, वहीत शून्य. मग सुगीनं कळवलं का नाही, असा सवाल आला. बाबूंना सांगितलं होतं, असं ती म्हणाली. साहेबांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो.
तिचं काम गेलं. कामाबरोबर मजुरांच्या लाइनीतलं घरही जातं. तिची आजी त्याच घरात वारली. ३१ तारखेला दुपारी खाली करायचंय. मी मान वर करू शकलो नाही.

२७ मे
पहाटे टोचलं म्हणून जाग आली. उजव्या हाताच्या बोटांवर गोल तपकिरी ठिपके. हातावर काहीच बसलेलं नव्हतं. दुपारी कंपाउंडरकडे गेलो तर हात स्वच्छ. तो हसला, झोप काढा म्हणाला. दिवस मावळताना ठिपके परत आले. जास्त.

२९ मे
तेच. उजाडताना, मावळताना. साहेब कचेरीत दहाला येतात. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो. दहापर्यंत हात कोरा झाला, आणि माझी हिंमतही विरली. काय काम आहे, विचारलं त्यांनी. काही नाही म्हटलं.
शरम वाटते. वाटते, आणि तरी दोन वेळा पोटभर जेवतो.

३० मे
संध्याकाळी सुगी वाटेत भेटली, डोक्यावर भांड्यांचं बोचकं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या हाताकडे बघत राहिली.
‘‘दुपारी दाखवू नका कुणाला,’’ म्हणाली. ‘‘दुपारी काही दिसत नाही, बाबू.’’

३१ मे, पहाट
बोटांची टोकं काळी — वाकलीत आतल्या बाजूला — पेन धरवत नाही. आज दहाची वाट बघायची नाही. असाच, हा हात घेऊन बंगल्यावर —
आधी इथं लिहितो. साहेबांना हेच पान देईन. वही खोटी आहे. पहाटे मी एकदाही गेलो ना —
टोचतंय. मनगटापर्यंत —

ऊन आलं.
ठिपके गेले. बोटं सरळ झाली. आता लिहायला काहीच अडचण नाही. सुगीचा यात दोष नाही. दोष