तांडेलाची पिवळी गोळी

२६ नोव्हें. ५८, बुधवार. पौर्णिमा.
पांडूची दोन बोटं गेली. समुद्रात खुंटांना बांधलेलं डोलीचं जाळं ओढताना. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलं की ओढायचं, ते फिरायच्या आत. हाळी तांडेलाने द्यायची. तांडेल, होडीचा म्होरक्या, म्हणजे माझा नवरा. पाण्याकडे डोळे लावून बसला आणि हाळी दिलीच नाही. पाणी फिरलं, दोराला हिसका, पोराचा हात आत. बोटं होडीतच पडली म्हणे. नणंदेचा मुलगा. परका असता तर

२७, गुरुवार.
नणंद आली ती माझे केस धरूनच. "प्यायला होता तुझा नवरा!" मी म्हटलं, तू तोंडाचा वास घेतलास का गं? तिने थोबाडीत मारली, मी दोन दिल्या. मग तिचा थोरला गणप्या कोयता घेऊन आला. तांडेल ओट्यावर मान खाली घालून. मीच वल्हं हाणलं गणप्याच्या खांद्यावर. हाड वाजलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
तांडेल पीत नाही. नाक गळत होतं म्हणून मसोलीच्या कंपाउंडरच्या पिवळ्या गोळ्या. त्या सकाळी दोन खाऊन गेला.

२९, शनिवार.
मसोलीला जाऊन आले. कंपाउंडर म्हणतो, "बाई, ही खाऊन झोपायचं असतं. दर्यावर कोण जातं?" आधी का नाही बोललास? "सर्दीची मागितली, दिली." टेबल उलटवलं त्याचं. बाटल्या फुटल्या.
तांडेल म्हणतो, "डोळे उघडे होते गं. पाणी दिसत होतं. थांबलंय हे डोक्यात शिरेपर्यंत फिरलं."

३०, रविवार.
गावकी बसली. दारू ठरली तर तांडेलकी जाणार, वर दारूबंदीचे पोलीस. गणप्या ओरडतो, "गोळीने कुठं असं होतं?" मग पांडू बोलला, हात फडक्यात. "मामाने तीच गोळी खावी. किनाऱ्यावर बसावं सगळ्यांसमोर. पाणी थांबलं की हाळी द्यावी. वेळेवर दिली तर दारूच होती. चुकली तर गोळी." सगळे हो म्हणाले. मीही. उरलेल्या गोळ्या आहेत घरात.

१ डिसें., सोमवार.
उद्या सकाळी. तांडेल म्हणतो, "बघ, या वेळी नाही चुकणार."
अरे मेल्या, चुकायचंच आहे!
"सगळ्या गावासमोर? माझ्या बापाने शिकवलेलं पाणी?"
तांब्या फेकला. भुवईवर लागला. रक्त पुसत बसला, पण हो म्हणाला नाही.

२, मंगळवार.
गोळ्या खाल्ल्या. वाळूत बसलाय. जागं राहायला मांडीत नखं रुतवतोय, मी पाहिलं. शेजारी पांडू. मागे गणप्या, कोयता घेऊनच. तिथे थांबले असते तर त्याच्या डोक्यात काही घातलं असतं, म्हणून घरात आले. इथवर हाळी ऐकू येते.
पाणी थांबलं असेल आता.
एकदाच चूक रे माणसा.
अजून आवाज नाही.